दडे बसलेल्या कानाचे तीन महिने : विक्रोळीतील एका सहा वर्षांच्या मुलाचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या धाकट्या मुलाचे आहे. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, वजन १८ किलो, आणि नुकताच पहिलीत बसू लागला होता. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील दोन खोल्यांच्या घरात आम्ही पाच माणसे राहतो : आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्दीतून सुरू झालेले त्याचे कानाचे दुखणे घटस्थापनेच्या सुमारास बरेचसे मिटले. मधल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली नाही, प्रतिजैविकाची एकही मात्रा द्यावी लागली नाही, आणि तरीही घरात रोज काही ना काही करावे लागले. ते काय, कशासाठी, आणि त्यातले आमचे काय चुकले, हे मी तारखेनुसार वहीत लिहीत होते. ती वही समोर ठेवून हे लिहीत आहे. ‘घरी काळजी घ्या’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्या तीन शब्दांचा अर्थ ज्याचे त्याला लावावा लागतो, आणि आमच्या घरात तो आधी चुकीचाच लावला गेला.

पहिली रात्र

सर्दीला चार दिवस झाले होते. पाचव्या रात्री दीडच्या सुमारास मुलगा उजवा कान धरून रडत उठला. ताप १००.४ अंश फॅरनहाइट होता. कान ठणकत असल्याचे त्याने स्वतः सांगितले. याहून लहान मुलांना ते सांगता येत नाही. ती कान ओढतात, चिडचिड करतात, आडवे केले की जास्त रडतात. सासूबाईंनी खोबरेल तेलात लसणीची पाकळी टाकून ते कोमट केले आणि दोन-तीन थेंब कानात सोडले. मी त्यांना अडवले नाही, कारण माझ्याही लहानपणी माझ्या आईने हेच केले होते. त्याच वेळी मी त्याला पॅरासिटामॉलही दिले. तासाभराने तो झोपला आणि गुण आला तो तेलाचा, असे आम्ही सगळ्यांनी धरून चालले.

पॅरासिटामॉलबद्दल इथेच एक गोष्ट नोंदवते. लहान मुलांसाठी ते साधारणपणे प्रत्येक किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात; म्हणजे १८ किलोच्या मुलाला एका वेळी १८० ते २७० मिलिग्रॅम. आमच्या घरात त्या दिवशी दोन बाटल्या होत्या. एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध होते आणि दुसरीत तेवढ्याच द्रवात २५०. दोन्ही बाटल्या दिसायला जवळपास सारख्या. दिव्याखाली नेऊन आकडा वाचला म्हणून मात्रा बरोबर दिली गेली. दुसऱ्या दिवशी १२० ची बाटली मी घरातून काढून टाकली.

सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कानात दुर्बीण घालून पाहिले, पण पडद्यावर तेलाचा थर होता आणि त्यातून पडद्याचा रंगही नीट कळेना. निदानासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले. तेलाने झालेले नुकसान एवढ्यावरच थांबले, हे आमचे नशीब. डॉक्टर सासूबाईंशी अतिशय आदराने बोलले. कानाचा पडदा ही बंद भिंत आहे, दुखणे आहे ते तिच्या पलीकडे, त्यामुळे अलीकडे ओतलेले काहीही तिथवर पोहोचत नाही. आणि पडद्याला भोक पडलेले असेल तर जिथे काहीच जाऊ नये तिथे ते तेल जाते. शिवाय कोमट म्हणता म्हणता तेल गरम झाले की कानाची नाजूक कातडी भाजते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. “आई, शेक जरूर द्या, पण बाहेरून,” असे ते म्हणाले. त्यानंतर सासूबाई सुती कापडाची घडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहून, मग त्याच्या कानावर धरत. त्याने त्याला खरोखर बरे वाटे. मी हे सविस्तर लिहिते आहे, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसते ‘नको’ म्हटले तर ते दुखावतात आणि आपल्या माघारी तेच करतात. त्यांच्या हाती दुसरे काही दिले तर तेच सर्वांत नेटाने काळजी घेतात.

दुसऱ्या दिवशी पडदा स्पष्ट दिसला. लाल होता, पण पू साचून बाहेर फुगलेला नव्हता. मूल दोन वर्षांपेक्षा मोठे, एकच कान, ताप कमी आणि ठणका औषधाने आटोक्यात, म्हणून डॉक्टरांनी प्रतिजैविक लगेच न देता ४८ ते ७२ तास पाहायचे ठरवले. ताप १०२ च्या वर गेला, ठणका वाढला किंवा कानातून पाणी वा पू आला तर थांबायचे नाही, हेही त्यांनी बजावले. त्यांनी लसीकरणाचे कार्डही मागून घेतले, कारण मध्यकर्णाच्या जंतुसंसर्गाला कारण ठरणाऱ्या जंतूंपैकी एकाविरुद्ध न्यूमोकोकल लस उपयोगी पडते. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर दिली जाते. तिसऱ्या दिवशी ताप गेला, ठणका गेला. आम्ही सुटलो, असे वाटले.

दुखणे थांबले, कान मात्र उघडला नाही

आठवड्याभराने तो म्हणाला, “आई, कानात पाणी गेल्यासारखं वाटतंय, आणि माझाच आवाज आतून येतो.” आपल्याकडे याला कानाला दडे बसणे म्हणतात, आणि सर्दीत दडे बसतात, सर्दी गेली की सुटतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे आम्ही फारसे लक्ष दिले नाही. पण सर्दी गेली आणि दडे राहिले.

याचे कारण पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले, आणि घरी काय करायचे व काय नाही, ते सगळे त्या एका चित्रातून निघते. पडद्यामागची लहानशी पोकळी, म्हणजे मध्यकर्ण, एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. या नळीला कंठकर्णनलिका म्हणतात. ती एरवी मिटलेली असते आणि आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते. त्या क्षणी बाहेरची हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४५ अंशांच्या उताराची असते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्मी आणि सुमारे १० अंशांचीच, म्हणजे जवळजवळ आडवी असते, आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत हळूहळू मोठ्यांसारखी होते. सर्दीत नाकाच्या मागची त्वचा सुजली किंवा तिथल्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्या की आधीच अरुंद असलेल्या नळीचे तोंड बंद होते. आत अडकलेली हवा मध्यकर्णाचे अस्तर हळूहळू शोषून घेते, आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो, आणि मग अस्तरातून पाणी झिरपून पोकळीत साचते. हे पाणी पुढे घट्टही होते. त्यात ठणका नसतो, ताप नसतो, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेत जाण्याआधीच्या वयात बहुतेक मुलांना ते एकदा तरी होऊन जाते.

हे चित्र पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की आम्ही इतके दिवस चुकीच्या दाराशी उभे होतो. कान उघडायचा असेल तर वाट नाकातून होती. कानाच्या बाजूने करण्यासारखे काहीच नव्हते : तेल नाही, थेंब नाहीत, कापसाची काडी नाही, आणि स्टेशनबाहेर लाल टोपी घालून बसणाऱ्या कान साफ करणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

पण हे कळायच्या आधी आणखी एक चूक झाली. जुलैच्या मध्याला मी जवळच्या औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, सर्दीचे सिरप आणि नाक मोकळे करणारे थेंब आणले. सिरपने मुलगा दिवसभर पेंगत राहिला आणि शेंबूड सुकून चिकट झाला. थेंबांनी नाक तासाभरात मोकळे होई आणि रात्री पहिल्यापेक्षा जास्त चोंदे. चौथ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी दोन्ही बंद करायला सांगितले. हे थेंब काही दिवसांपलीकडे वापरले की नाकाला त्यांची सवय लागते आणि ते उलट अधिक सुजते; लहान मुलांना तर ते सल्ल्याशिवाय देऊच नयेत. सिरपातली ॲलर्जीविरोधी आणि सूज उतरवणारी औषधे कानामागचे पाणी लवकर घालवत नाहीत, हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झालेले आहे. सर्दीच्या सिरपांत सर्रास असणारे क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. माझा मुलगा त्या वयाच्या पुढे होता खरा, पण बाटलीवरची ती ओळ मी तेव्हा वाचली नव्हती, आणि धाकटे मूल तीन वर्षांचे असते तरी मी ती वाचली नसती, ही गोष्ट मला आजही लागते.

शाळेतून आलेली चिठ्ठी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. मुलगा लक्ष देत नाही, दोनदा हाक मारावी लागते, श्रुतलेखनात चुका वाढल्या आहेत. सोबत वही होती. ‘फळा’ ऐवजी ‘पळा’, ‘खार’ ऐवजी ‘कार’, ‘भात’ ऐवजी ‘बात’. मी त्याला रागावले, कारण ही अक्षरे त्याला जूनमध्ये येत होती. रात्री पुन्हा वही पाहताना कळले, की सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. प ऐकू येतो, पण त्याला फ करणारा श्वास ऐकू येत नाही. क ऐकू येतो, ख मधला श्वास हरवतो. हे माझे, एका आईचे निरीक्षण आहे, पण श्रवणतज्ज्ञांनी ते ऐकले आणि कानात पाणी साचले की बोलण्यातले मंद, हलके आवाज आधी निसटतात, असे सांगितले. घरातल्या इतर खुणाही मग एकेक आठवू लागल्या. टीव्हीचा आवाज तो वाढवत होता. दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेला ओ देत नव्हता, आणि ताई त्याला ‘मुद्दाम करतोस’ म्हणून चिडवत होती. अंधारात बोललेले त्याला कळत नव्हते, कारण तो ओठ पाहून समजून घेत होता.

घाटकोपरच्या एका केंद्रात दोन चाचण्या झाल्या. पहिली टिम्पॅनोमेट्री : कानाच्या तोंडाशी रबरी बोंडूक बसवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते पाहतात. ती मिनिटभरात होते आणि दुखत नाही. पडदा नीट हलला तर आलेखावर डोंगरासारखा उंचवटा येतो. आमच्या मुलाच्या दोन्ही कानांचा आलेख सपाट आला, म्हणजे मागे पाणी होते. दुसरी ऑडिओमेट्री : किती हलका आवाज ऐकू येतो ते मोजतात; आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. उजव्या कानाची ऐकण्याची पातळी ३० डेसिबल आली आणि डाव्याची २५. मुलांमध्ये १५ ते २० पर्यंत ठीक मानतात. ज्यांना मुलाची अशी चाचणी करायची आहे त्यांच्यासाठी सांगते, की वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही या चाचण्या होतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांचा निर्णय असा होता : सुरुवातीपासून तीन महिने धरायचे, तोवर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. अशा पाण्यापैकी बरेचसे तेवढ्या अवधीत आपोआप शोषले जाते. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी राहिले आणि ऐकू कमी येत राहिले, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवण्याचा विचार करायचा. ज्या मुलांचे टाळू दुभंगलेले आहे, ज्यांना डाउन सिंड्रोम आहे किंवा ज्यांचे बोलणे आधीच मागे पडले आहे, त्यांच्या बाबतीत मात्र इतके थांबत नाहीत.

बाहेर आल्यावर माझे पती म्हणाले, “म्हणजे काहीच करायचं नाही.” मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

घरातले काम

ते काम चार-पाच प्रकारचे होते आणि सगळे सारख्या महत्त्वाचे नव्हते. नाकाचे काम सर्वांत साधे. सकाळी शाळेच्या आधी आणि रात्री झोपताना, प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाकायचे, दोन मिनिटे थांबायचे, आणि मग एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच शिंकरायची. दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून जोरात शिंकरले तर शेंबूड त्याच नळीतून वर कानाकडे ढकलला जातो, हे मला पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळले. मुलाला हळू शिंकरायला शिकवण्यात आठवडा गेला. वाफारा आम्ही दिला नाही. एवढ्याशा घरात, ओट्याखाली पाटावर उकळत्या पाण्याचे पातेले आणि समोर चादरीखाली सहा वर्षांचे मूल, यात भाजण्याचा धोका खरा आहे आणि कानाला होणारा फायदा सिद्ध झालेला नाही. ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालण्याची पद्धतही सोडली, कारण कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

धुराने नाकाचे आणि नळीचे अस्तर सुजलेलेच राहते, म्हणून धूर बंद करायचा होता, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे वाटते तितके सोपे नाही. डास पळवणारी कॉइल आमच्याकडे रात्रभर जळे. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ती नुसती बंद करणे हा शहाणपणा नव्हता, म्हणून दोन मच्छरदाण्या आणल्या. सासूबाईंनी संध्याकाळचा धूप देवापुढे एका उदबत्तीवर आणला आणि तीही मुलगा खाली खेळायला गेल्यावर लावू लागल्या. माझे पती गॅलरीत सिगारेट ओढत. दार बंद असले तरी धूर आत येतोच आणि कपड्यांतूनही येतो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले, मी नाही. त्यांनी घरात आणि गॅलरीत ओढणे सोडले. वहीत त्या दिवसाची तारीख मी वेगळ्या शाईने लिहिली आहे.

तिसरे काम फुग्याचे. नाकपुडीत बसणाऱ्या बोंडकाला जोडलेला खास फुगा मिळतो. एक नाकपुडी बोटाने दाबून, तोंड मिटून, दुसऱ्या नाकपुडीने तो संत्र्याएवढा फुगवायचा आणि मग आवंढा गिळायचा. त्याने नळी दाबाने उघडते. इंग्लंडमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून तीन वेळा फुगा फुगवणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचे कान तीन महिन्यांत मोकळे झाले, आणि न फुगवणाऱ्यांपैकी दहांतील चारांहून थोड्या कमी मुलांचे. म्हणजे फायदा आहे, पण मोठा नाही, आणि फुग्याशिवायही बऱ्याच मुलांचे कान सुटतात. हे आकडे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून आम्ही फुग्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही. पहिल्या आठवड्यात फुगा फुगलाच नाही, मुलगा गाल फुगवत होता. नाक साफ केल्यावर लगेच फुगवायला लावल्यावर जमू लागले. ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा सर्दी झाली तेव्हा सहा दिवस फुगा बंद ठेवला, कारण वाहत्या नाकात किंवा कान ठणकत असताना तो वापरायचा नसतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती हा फुगा देऊ नये. फुटलेल्या रबराचा तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो.

चौथे काम बोलण्याचे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. २५-३० डेसिबलने कमी ऐकणे म्हणजे बहिरेपणा नव्हे; कानांत बोटे घालून दिवस काढण्यासारखे ते आहे. जवळून केलेली कुजबूज साधारण ३० डेसिबलची असते आणि नेहमीचे बोलणे ६० ची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चार मीटरवरून ओरडण्याऐवजी एक मीटरवर येऊन बोलले तर १२ डेसिबल हाती लागतात. बंद खोलीत हिशेब इतका नेमका बसत नाही, पण दिशा तीच. आमच्या घरात पंखा, टीव्ही, कुकर आणि जिन्यातली मुले एकाच वेळी चालू असत. आम्ही नियम केला : त्याच्याशी बोलायचे तर आधी टीव्ही बंद, जवळ जायचे, खांद्याला हात लावायचा, तोंड उजेडाकडे ठेवायचे, आणि ओरडायचे नाही. ओरडल्याने शब्द मोठे होतात, स्पष्ट होत नाहीत, शिवाय मुलाला वाटते आपल्याला रागावत आहेत. ताईने हा नियम सगळ्यांपेक्षा जास्त पाळला. रात्री ती त्याला गोष्ट वाचून दाखवी तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला बसे.

शाळेला मी अहवालाची प्रत आणि एक पत्र दिले. वर्गात पन्नासच्या आसपास मुले, तीन पंखे आणि खिडकीबाहेर रस्ता. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर, उजव्या भिंतीलगत बसवले, म्हणजे बरा असलेला डावा कान वर्गाकडे आणि त्यांच्याकडे राहिला. श्रुतलेखन घेताना त्या त्याच्याजवळ उभ्या राहू लागल्या. पुढच्या श्रुतलेखनात ‘फ’ परत आला, कान अजून तसाच असताना. यावरून मुलाचे डोके आणि अक्षरे जागच्या जागी होती, हे माझ्याइतकेच बाईंनाही कळले.

शेवटचे काम वहीचे. दर रविवारी मी त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी राहून, एक कान त्याला बोटाने बंद करायला सांगून, कुजबुजत पाच शब्द म्हणे आणि तो ते परत म्हणे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी उजव्या कानाने पाचांपैकी दोन, डाव्याने तीन. यंत्राच्या चाचणीची जागा हे घेऊ शकत नाही, पण कल कळतो. वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवले होते, की काय दिसले तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे : कानामागे सूज, लाली किंवा कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, तोल जाणे, मान ताठ होणे, सतत उलट्या, कानातून पू किंवा रक्त, अचानक अजिबात ऐकू न येणे. सहा महिन्यांखालच्या बाळाचा कान दुखतोय अशी नुसती शंका आली तरी घरी थांबायचे नसते. एकाच कानातून घाण वास येणारा स्राव असेल तर आत मणी, चणा किंवा खोडरबराचा तुकडा अडकलेला असू शकतो, आणि तो घरी काढायला जायचे नसते.

घाट उतरताना

गौरी-गणपतीला आम्ही पुण्याला दिरांकडे गेलो. जाताना काही झाले नाही. परत येताना गाडीने लोणावळा सोडले आणि मुलगा माझ्या मांडीवर झोपला. जागरणे झाली होती, मी उठवले नाही. कर्जत यायच्या आधी तो दोन्ही कान धरून किंचाळत उठला. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि कानातली हवा नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा आत घ्यावी लागते. ती आपोआप जात नाही, गिळावे लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि कर्जत जवळपास पायथ्याशी, म्हणजे त्या तासाभरात दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. झोपेत मूल फारच कमी वेळा आवंढा गिळते. विमान खाली उतरताना मुलांना जागे ठेवा, असे सांगतात ते याचसाठी, आणि घाटालाही तेच लागू आहे, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. पिशवीत चिक्कीचा पुडा होता. लोणावळ्याला ती त्याच्या हातात दिली असती तर चावता-गिळता घाट उतरून गेला असता. त्या वेळी घोट घोट पाणी पाजले, जांभया द्यायला लावल्या, आणि कल्याण येईपर्यंत ठणका गेला.

मी घाबरून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले. तपासून त्यांनी पडदा ठीक असल्याचे सांगितले आणि पुढे जे म्हणाले त्याने मला धीर आला. पोकळी पूर्ण पाण्याने भरलेली असते तेव्हा दाबातला बदल फारसा जाणवत नाही, कारण पाणी दाबले जात नाही. दुखले, याचा अर्थ आत पुन्हा हवा येऊ लागली असावी. त्यांना पडद्यामागे हवेचे बुडबुडेही दिसले.

ऑक्टोबर

घटस्थापनेच्या आठवड्यात पुन्हा चाचणी झाली. डाव्या कानाचा आलेख पूर्ववत, ऐकण्याची पातळी १५. उजव्या कानात पाणी नव्हते, पण उंचवटा अजून डावीकडे सरकलेला होता, म्हणजे आतला दाब कमीच होता, पातळी २०. ग्रोमेटचा विषय मागे पडला. यात फुग्याचा वाटा किती, धूर थांबल्याचा किती आणि नुसत्या काळाचा किती, हे एका मुलावरून सांगता येणार नाही, आणि मी तसा दावा करत नाही. ऐकू कमी येत असतानाच्या आठवड्यांत त्याचा अभ्यास आणि त्याचे बोलणे मागे पडले नाही, ते मात्र आमच्या कामामुळे, असे मी ठामपणे म्हणेन.

डॉक्टरांनी दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, पुन्हा एकदा उजवा कान तपासायला बोलावले आहे. हिवाळ्यातली पहिली सर्दी आली की हे सगळे परत होऊ शकते, असेही त्यांनी सांगितले आहे. बाईंना विचारून पहिल्या बाकावरची जागा तोवर तशीच ठेवली आहे. मच्छरदाण्या बांधलेल्याच आहेत, आणि रविवारचे पाच शब्द अजून चालू आहेत. गेल्या रविवारी ते त्याने ताईच्या कानात कुजबुजून तिची परीक्षा घेतली.